'करमत नाही' म्हणजे 'बोअर होतंय' का?

न्यू जर्सीच्या एका ताईंनी विचारलंय: साताऱ्याहून कायमच्या राहायला आलेल्या सासूबाई सारख्या 'करमत नाही' म्हणतात. दवाखान्यात शाळकरी नातवाने त्याचं 'बोअर होतंय' केलं आणि डॉक्टरांनी टीव्ही सुचवला. आता समुपदेशकाकडे जायचंय, तर तिथे 'डिप्रेशन' सांगू का?

ताई, दोन्ही नको. 'करमणे' हे 'क्रमणे'चं रूप, म्हणजे काळ जाणे. 'करमणूक' त्यातलीच, म्हणून नातवाची गल्लत झाली. पण आपण तो शब्द वापरतो कुठे? लेक सासरी गेली की घरात करमत नाही, बदलीच्या गावी करमत नाही. हात कामात असले तरी करमत नाही. त्यात माणसांची आणि जागेची ओढ आहे. नुसता कंटाळा असता तर सासूबाई 'कंटाळा आला'च म्हणाल्या असत्या. शिवाय भूक लागते, थंडी वाजते, तसंच 'मला' करमत नाही. आपण होऊन करायची गोष्टच नाही ती. अशा बाईला 'मन रमवा' सांगून काय होणार?

तेव्हा समुपदेशकाला मूळ शब्दच सांगा आणि हा अर्थ उलगडा. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या डीएसएम-५ या ग्रंथात (२०१३) सोळा प्रश्नांची एक मुलाखत आहे; तुमचा त्रास घरच्यांना कोणत्या शब्दांत सांगाल, असं त्यात विचारतात. झिंबाब्वेच्या शोना भाषेतला 'कुफुंगिसिसा', म्हणजे अतिविचार, त्या ग्रंथात मूळ नावानेच आहे. आपल्या 'डोक्यात सारखे विचार येतात'चा सख्खा भाऊ!

मात्र झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, 'आता डोळे मिटले की सुटले' असं बोलण्यात येत असेल, तर तेही जसंच्या तसं आणि लगेच सांगा. म्हातारी माणसं हे वाक्य सवयीनेही बोलतात, पण सवय की आजार हे आपण घरी ठरवू नये. आणि नातवाला दुभाषी करू नका. आजी त्याच्यासमोर मोकळेपणी बोलणार नाहीत, पोरावरही भार येतो. सरकारी निधी घेणाऱ्या अमेरिकी दवाखान्यांनी दुभाषी फुकट द्यायचा असतो. तो मागून घ्या.

सासूबाईंशी बोलताना 'समुपदेशन' टाळा, त्यात त्यांना 'उपदेश'च ऐकू येईल. 'एका बाईंशी मनातलं बोलायला जायचंय, मराठी समजणारं माणूस सोबत असेल,' एवढं सांगितलंत तरी पुरे.