तोफगोळ्यांचा साठा आणि दूरचे युद्ध

युक्रेनचे युद्ध हा युरोपचा प्रादेशिक प्रश्न आहे; मग एवढे मोठे सैन्य बाळगणाऱ्या भारताने त्यावरून आपल्या सज्जतेची काळजी का करावी, असे आपण विचारले आहे. माझ्या नोकरीची बरीच वर्षे दारूगोळ्याच्या तपासणीत गेली. त्यामुळे सैनिक किती आहेत यापेक्षा गोळे किती आहेत आणि संपल्यावर ते किती दिवसांत पुन्हा बनतील, हाच प्रश्न मला आधी सुचतो.

१५५ मिलिमीटर व्यासाचा तोफेचा एक गोळा साधारण ४५ किलोचा असतो. त्याचे पोलादी कवच तापवून, दाबून घडवायचे, मग त्यात वितळलेले टीएनटी हे स्फोटक ओतून ते अगदी सावकाश निवू द्यायचे. घाई केली की आत पोकळी राहते आणि ती बाहेरून दिसत नाही. क्ष-किरणांच्या फिल्मवर तांदळाच्या दाण्याएवढा काळा डाग दिसला तरी आम्ही तो गोळा बाजूला काढत असू, कारण तोफ डागताना बसणाऱ्या हिसक्याने असा गोळा नळीतच फुटू शकतो आणि मग आपलेच जवान प्राणाला मुकतात. हे काम ज्यांच्या हातात बसले आहे, अशी माणसे एकदा घरी पाठवली की महिन्याभरात परत उभी करता येत नाहीत.

युरोपला नेमका हाच अनुभव आला. युक्रेनला बारा महिन्यांत १० लाख गोळे देण्याचे युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये ठरवले, पण मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे पोहोचले होते. पैसा होता, इच्छाही होती. कारखान्यांची क्षमता मात्र शीतयुद्धानंतर आटली होती. अमेरिकेने तर स्वतः टीएनटी बनवणे १९८० च्या दशकातच थांबवले होते. गोळा नळीतून पुढे फेकणाऱ्या दारूला नायट्रोसेल्युलोज लागते आणि ते बनते जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून. विदर्भ-खानदेशातल्या कापूस उत्पादकाला नवल वाटेल, पण याच तंतूंसाठी युरोपातील कारखाने मोठ्या प्रमाणावर चीनवर अवलंबून आहेत.

आपली स्थितीही निश्चिंत राहण्यासारखी कधीच नव्हती. १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी ‘जे आहे त्यानिशी लढू’ असे लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांना जाहीरपणे सांगावे लागले होते, आणि त्या युद्धात आपल्या तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे, बाँब आणि रॉकेटे डागली. पुढे महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालात दिसले की दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा तीव्र लढाईत दहा दिवसही पुरला नसता. ठरलेले प्रमाण ४० दिवसांचे होते. त्यानंतर तातडीच्या खरेदीचे अधिकार लष्कराला मिळाले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु खरेदी करून साठा भरणे आणि युद्ध चालू असताना तो भरत राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता ‘प्रादेशिक’ या शब्दाविषयी. उत्तर कोरियाचे गोळे युक्रेनच्या आघाडीवर पडतात आणि २०२४ च्या अखेरीस त्याचे सैनिक रशियाच्या कुर्स्क प्रांतात उतरतात, तेव्हा त्याचे पडसाद शेजारच्या दक्षिण कोरियाच्या राजधानीपर्यंत, सोलपर्यंत उमटणारच. आपल्याकडे सूर्यफुलाचे तेल २०२२ मध्ये का कडाडले, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. सज्जतेवरचा परिणाम त्याहून खोल आहे. रशियाशी २०१८ मध्ये एस-४०० या हवाई संरक्षण क्षेपणास्त्र यंत्रणेच्या पाच तुकड्यांचा करार झाला, त्यांपैकी शेवटच्या दोन ठरल्या वेळी मिळाल्या नाहीत. कालिनिनग्राडमध्ये रशियाने बांधलेली आयएनएस तुशिल ही युद्धनौका डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या नौदलात दाखल झाली. तिची गॅस टर्बाइन इंजिने युक्रेनची आहेत. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या आयएनएस विशाखापट्टणम आणि आयएनएस मोरमुगाओ या युद्धनौकाही युक्रेनमधील मायकोलाईव्ह येथील कारखान्याच्या टर्बाइनवर चालतात. या जहाजांना अजून दोन-तीन दशके सुटे भाग आणि दुरुस्ती लागणार आहे, आणि ती इंजिने जिथे घडली ते शहर २०२२ पासून माऱ्याखाली आहे.