फोटॉनचा संवेग काढताना आधी नॅनोमीटरचे मीटर कर

फोटॉनचा, म्हणजे प्रकाशाच्या कणाचा, संवेग काढताना तू वस्तुमान गुणिले वेग करायला गेलास, तिथेच अडकलास. फोटॉनला स्थिर वस्तुमान नाही, त्यामुळे ते सूत्र इथे लागूच होत नाही. प्लांकच्या स्थिरांकाला (६.६२६ × १०^-३४ ज्यूल-सेकंद) तरंगलांबीने भाग, झाला संवेग.

सोडियमचा पिवळा प्रकाश घे, ५८९ नॅनोमीटर. मीटरमध्ये ५.८९ × १०^-७. बहुतेकांचं उत्तर इथेच चुकतं, म्हणून घात आधी कागदावर लिही, मग कॅल्क्युलेटरला हात लाव. ६.६२६ × १०^-३४ ला त्याने भागलं की १.१२ × १०^-२७ किलोग्रॅम मीटर प्रति सेकंद येतात. पडताळा हवा असेल तर १२४० ला (प्लांकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग, इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि नॅनोमीटरमध्ये) ५८९ ने भाग: फोटॉनची ऊर्जा सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तिचे ज्यूल करून प्रकाशाच्या वेगाने भागलंस की तोच संवेग मिळायला हवा.

आकडा नगण्य वाटतो ना? आता सोडियमच्या एका अणूचं वस्तुमान बघ, ३.८२ × १०^-२६ किलोग्रॅम. हा एक फोटॉन शोषला की अणूचा वेग सेकंदाला जवळजवळ ३ सेंटीमीटरने बदलतो! भट्टीतून सेकंदाला हजारेक मीटर वेगाने निघालेला अणू समोरून येणाऱ्या लेझरने थोपवायचा तर असे तीसेक हजार धक्के लागतात. अणू लेझरने थंड करण्याच्या याच कामासाठी चू, कोहेन-तानूजी आणि फिलिप्स यांना १९९७ चं नोबेल मिळालं.

पुढचं गणित क्ष-किरणांचं कर, तरंगलांबी ०.०७१ नॅनोमीटर. भौतिकशास्त्रज्ञ आर्थर कॉम्प्टनने क्ष-किरणांच्या विकिरणावरच्या १९२३ च्या त्याच्या प्रसिद्ध शोधनिबंधात साधारण हीच वापरली होती.