विंचू, दम्याचा पंप आणि गोचिडाचं औषध

प्रश्न : पऱ्हाटीचा ढीग उपसताना माझ्या भावाला लाल विंचू चावला. अंग घामानं भिजलं, हातपाय गार पडले. दवाखान्यात बीपी कमी करायची गोळी दिली. हे बरोबर होतं का? (आर्वी तालुका, वर्धा)

उत्तर : बरोबरच होतं. लाल विंचवाच्या विषानं शरीरात अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्यांवर ‘अल्फा-१’ नावाचे रिसेप्टर, म्हणजे ही रसायनं बसायच्या जागा, असतात. तिथं ही रसायनं बसली की वाहिन्या आवळतात. हृदयाला त्या आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलावं लागतं, ते थकतं आणि फुफ्फुसात पाणी साचतं. रोगी दगावतो तो बहुतेक यानं. प्रॅझोसिनची गोळी हेच रिसेप्टर अडवते, वाहिन्या सैल पडतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ती विंचूदंशावर वापरून कितीतरी जीव वाचवले. गोळीनंतर रोग्याला झोपवून ठेवावं. एकदम उठवलं तर बीपी पडून चक्कर येते. आणि हात जोडून सांगतो, घाम आणि ओकारी सुरू झाली की उतारा करणाऱ्याकडे एक घटकाही घालवू नका.

प्रश्न : मायला दमा आहे. बीपीसाठी प्रोप्रॅनोलॉल सुरू झालं, तेव्हापासून पंप लागू पडत नाही. (घाटंजी, यवतमाळ)

उत्तर : पंपातलं साल्ब्युटामॉल श्वासनलिकेतले ‘बीटा-२’ रिसेप्टर चेतवून नळ्या उघडतं. प्रोप्रॅनोलॉल नेमके तेच अडवतं, शिवाय हृदयातले ‘बीटा-१’ही. दम्याच्या रोग्याला ही गोळी देऊच नये. मायला आजच डॉक्टरांकडे न्या आणि पंप सोबत दाखवा. गोळी मनानं बंद करू नका, अचानक सोडल्यास छातीत धडधड वाढते, हृदयविकार असेल तर झटकाही येऊ शकतो. वाट पाहण्यात मात्र दिवस घालवू नका. दम वाढला, बोलताना धाप लागली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

प्रश्न : नाक मोकळं करणारे थेंब महिनाभर घालतोय, आता थेंबांशिवाय चैन नाही.

उत्तर : थेंबच नाक चोंदवतायत. चार-पाच दिवसांवर ते वापरूच नयेत.

प्रश्न : म्हशीचे गोचीड मारायचं औषध लावताना शेजाऱ्याला गुंगी आली. (मूल, चंद्रपूर)

उत्तर : त्यात बहुधा अमिट्राझ असेल. ते ‘अल्फा-२’ रिसेप्टर चेतवतं, म्हणजे शरीराचा ब्रेक दाबतं : झोप येते, नाडी मंदावते, बाहुल्या बारीक होतात. फवारणीच्या विषबाधेतही नाडी आणि बाहुल्या अशाच दिसतात, त्यामुळे उपचारात घोटाळा होऊ शकतो. अंगावरचे कपडे काढून साबणानं धुवा, ओकारी काढू नका, आणि बाटली रोग्यासोबत दवाखान्यात न्या.