जागा कमी असताना चित्रं, जुने फोटो आणि नाणी नीट कशी साठवावीत?

तुमच्याकडे वीसेक फ्रेम केलेली छापचित्रं आणि रेखाटनं, चार तैलचित्रं, जुने फोटो आणि नाणी आहेत, आणि हे सगळं ठेवायला एकच कपाट आहे. सुरुवात फ्रेमांपासून करा, कारण जागा तिथेच अडकली आहे.

फ्रेम साधारण ४ सेंमी जाड धरली, तर वीस फ्रेमा ८० सेंमी खातात. कागदावरची तीच कामं फ्रेममधून काढून माउंटमध्ये ठेवली तर एकाला जेमतेम ४ मिमी लागतात, म्हणजे वीसही ८ सेंमी खोल पेटीत मावतात. माउंट म्हणजे खिडकी कापलेला वरचा पुठ्ठा आणि मागचा अखंड पुठ्ठा, एका बाजूला कापडी पट्टीने पुस्तकासारखे जोडलेले. दोन्ही आम्लमुक्त हवेत. चित्र मागच्या पुठ्ठ्याला थेट चिकटवू नका. वरच्या कडेला जपानी कागदाच्या, म्हणजे लांब तंतूंच्या पातळ पण चिवट कागदाच्या, दोन बिजागऱ्या लावा, त्याही गव्हाच्या सत्त्वाच्या घट्टसर खळीने. सेलोटेप अजिबात नको. तिचा गोंद कागदात मुरतो, पिवळा पडतो आणि मग तो डाग काढणं जवळपास अशक्य होतं.

खरी बचत होते ती मापं ठरवून घेण्यात. चित्रं लहानमोठी असली तरी माउंटचं बाहेरचं माप एकच ठेवा, समजा ४० × ५० सेंमी, आणि मोठ्या कामांसाठी दुसरं एखादं. मग पेट्या एकावर एक नीट बसतात आणि आत चित्रं सरकून कडा दुमडत नाहीत. या मापाची वीस माउंटची पेटी सात-आठ किलोंची होते. त्याहून जड करू नका, कारण जड पेटी एकट्याने उतरवताना हातातून निसटते.

पेस्टल आणि कोळशाच्या कामांवर प्लास्टिक ठेवू नका. स्थिर विजेमुळे रंगाचे कण उचलले जातात. त्यांना खोल खिडकीचं माउंट द्या. आणि ती उभी न ठेवता आडवीच ठेवा.

कपाट भरताना एक कसोटी लावा. संग्रहालयांच्या भांडारांसाठी इक्रोम या आंतरराष्ट्रीय संस्थेची रि-ऑर्ग नावाची पद्धत आहे. तिचा एक निकष असा, की कोणतीही वस्तू काढताना दोनपेक्षा जास्त वस्तू हलवाव्या लागू नयेत. घरातही मी हाच नियम पाळायला सांगेन. खच्चून भरलेल्या कपाटात वस्तू मोडतात त्या बहुधा काढता-घालताना. म्हणून पाच पेट्यांची चळत करण्यापेक्षा मध्ये फळ्या टाकून दोन-दोन ठेवा.

तैलचित्रं आडवी रचू नका, कॅनव्हास झोळासारखा खाली येतो. ती पुस्तकांसारखी उभी ठेवा, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ, म्हणजे मागचे हूक शेजारच्या रंगात घुसणार नाहीत. तरी हूक आणि तार आधी काढाच. दोन चित्रांमध्ये मोठ्या चित्राहून थोडा मोठा पुठ्ठा घाला. खाली पॉलिथिलीन फोमची पट्टी, आणि सगळं जमिनीपासून किमान १० सेंमी वर. जागेसाठी कॅनव्हास गुंडाळायचा मोह होईल. जाड किंवा जुन्या रंगाचं चित्र गुंडाळायचंच नाही. गुंडाळणं अगदी अटळ असेल तर नळी जितकी जाड मिळेल तितकी घ्या आणि रंगाची बाजू बाहेर ठेवा. आत ठेवली तर रंगाचा थर दाबला जाऊन पोपडे सुटतात.

फुग्यांचं प्लास्टिक (बबल रॅप) प्रवासापुरतं ठीक. महिनोन्‌महिने गुंडाळून ठेवलं तर ओल आत कोंडते आणि रंगावर फुग्यांचे गोल ठसे उमटतात.

नाण्यांसाठी सर्वांत घातक म्हणजे पीव्हीसीची मऊ पाकिटं, ज्यांना नव्या रेग्झिनसारखा वास येतो. त्यांतून आम्ल सुटतं आणि तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या, फोटोंसाठीही तीच चालतील. फोटोंना कागदी पाकिटं वापरणार असाल तर कॅल्शियम कार्बोनेट न मिसळलेला आम्लमुक्त कागद बघा. रबरबँड टाळा, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. प्लायवूड आणि एमडीएफमधूनही आम्लाची वाफ निघते. म्हणून पावडर कोटिंगचं लोखंडी कपाट बरं.

कागद आणि धातू एकाच डब्यात नकोत. कागदाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, धातूला ४० टक्क्यांच्या खालची. ६५ टक्क्यांच्या वर राहिली तर बुरशी धरते. नाण्यांना घट्ट झाकणाचा डबा आणि ओल शोषणारं सिलिका जेल द्या, चित्रांच्या पेटीत मात्र कोरडं सिलिका जेल टाकू नका, कागद अतिकोरडा होऊन ठिसूळ बनतो. कपाटात आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे पाच सेंमी हवा खेळू द्या. माळा सर्वांत वाईट जागा, तापतो आणि थंड होतो, वर गळतीची भीती.

प्रत्येक कामाच्या पाठीमागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घाला आणि पेटीच्या बाहेर आतल्या चित्रांचे छोटे फोटो लावा, म्हणजे एक चित्र शोधायला दहा उघडावी लागत नाहीत. रिकाम्या फ्रेमांपैकी ठरवलेल्या मापाच्या दोन-तीन ठेवा आणि बाकीच्या देऊन टाका. माउंट सारखेच असल्यामुळे त्याच फ्रेमांत दर काही महिन्यांनी वेगळं चित्र भिंतीवर लावता येईल.