आजोबांचं वेब्ली, कंपनीचं ठासणीचं पिस्तूल आणि पॉलिशवाला

नौपाडाकर, तुमच्या प्रश्नाखालची सगळी उत्तरं वाचली. तुमचा भाचा येत्या रविवारी दोन्ही हत्यारं पॉलिशवाल्याकडे नेणार आहे असं तुम्ही लिहिलंय. आधी ते थांबवा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मागची चर्चा ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यांच्याकडे दोन वस्तू आहेत. एक वेब्ली मार्क 6 रिव्हॉल्व्हर. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, त्यांच्याकडून ते वडिलांच्या परवान्यावर आलं. आजोबांनीच कधीतरी त्याला निकेलचा मुलामा दिला आणि लाकडी मुठी बसवल्या. दुसरं गावच्या घरात माळ्यावर सापडलेलं ठासणीचं, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायचं पिस्तूल. ते टोपीचं आहे, म्हणजे घोडा छोट्या स्फोटक टोपीवर आपटून दारू पेटते, आणि त्याच्या लॉकवर (बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या पाटीवर) उभा सिंह आहे. भाच्याचं म्हणणं, निकेल काढून नवीन ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) करू, इंटरनेटवरून ‘ओरिजिनल’ मुठी मागवू आणि टोपीचं पिस्तूल परत चकमकीचं (गारेच्या ठिणगीने पेटणारं) करून घेऊ, म्हणजे किंमत दुप्पट होईल. घणसोलीच्या एका सदस्यांनी त्याला दुजोराही दिलाय.

लष्करी पिस्तुलात बदल झालेला दिसला की जाणता संग्राहक पहिला प्रश्न विचारतो: हा बदल कोणी केला? सैन्याने, वापरणाऱ्याने, की विकणाऱ्याने? किंमत ठरते ती या उत्तरावर. वस्तू किती चकाकते हे त्यानंतर येतं, आणि बहुतेक वेळा चकाकी उलटीच पडते.

सैन्याने केलेला बदल हा त्या हत्याराच्या नोकरीचाच भाग असतो. एन्फील्ड नंबर 2 हे रिव्हॉल्व्हर घ्या. ब्रिटिश सैन्यात ते 1932 मध्ये आलं तेव्हा त्याच्या घोड्याला (काडतुसावर आपटणाऱ्या हातोडीला) अंगठ्याने ओढायचं टोक होतं. रणगाड्यात चढता-उतरताना ते टोक अडकतं अशी तक्रार आली, म्हणून 1938 मध्ये बिनटोकाचा प्रकार निघाला. पुढे जुनी रिव्हॉल्व्हरं दुरुस्तीला आली की त्यांचीही टोकं काढली गेली. त्यामुळे तुटक्या घोड्याचं एन्फील्ड पाहून ‘कोणीतरी वाट लावली’ असं म्हणू नये, ते नियमानुसार आहे. उलट टोक शाबूत असलेलंच आज कमी दिसतं आणि त्याला भाव जास्त. आता कोणी बिनटोकाच्या एन्फील्डला जुन्या पद्धतीचा घोडा बसवून ‘दुर्मिळ’ म्हणून विकू लागला, तर ती सरळ फसवणूक आहे.

याच्या उलट गत तुमच्या वेब्लीच्या हजारो भावंडांची अमेरिकेत झाली. मार्क 6 हे 1915 चं, .455 काडतुसाचं. दुसऱ्या महायुद्धानंतर ही रिव्हॉल्व्हरं स्वस्तात तिकडे गेली, पण .455 काडतुसं तिथे सहज मिळेनात आणि .45 एसीपी हे अमेरिकन काडतूस मात्र गल्लोगल्ली. मग सिलिंडरची (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाची) मागची बाजू घासून त्यात .45 बसवायची टूम निघाली. कापलेलं पोलाद परत येत नाही. शिवाय .45 एसीपीचा दाब वेब्लीला झेपणाऱ्या मर्यादेला जाऊन भिडतो. असा घासलेला सिलिंडर दिसला की तिकडचे संग्राहक तोंड फिरवतात, मग बाहेरून वस्तू कितीही देखणी असो. तुमच्या फोटोत सिलिंडर घासलेला दिसत नाही. हे मोठंच सुदैव आहे, आणि त्याची किंमत त्या निकेलपेक्षा कितीतरी जास्त आहे.

आता तुमच्या निकेलबद्दल. मुलामा देण्याआधी धातू घासून गुळगुळीत करावा लागतो. म्हणजे जे नुकसान व्हायचं ते तेव्हाच होऊन गेलं: कडा थोड्या गोलावल्या, शिक्के थोडे पुसट झाले. निकेल काढून ब्लूइंग करायचं तर पुन्हा घासणं आलं. खालून आजोबांच्या आधीचं रिव्हॉल्व्हर निघणार नाही, दोनदा घासलेलं निघेल. ब्लूइंग नवीन आहे हे ओळखायला तज्ज्ञही लागत नाही. अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा पडतो, सपाट बाजू किंचित लाटा मारतात. असं झालं की किंमत सहज निम्म्यावर येते. मूळ ब्लूइंग साठ टक्के उडालेलं असलं तरी ते शंभर टक्के नव्यापेक्षा वर धरतात.

शिक्क्यांचं इतकं कौतुक का, असं भाच्याने विचारलंय. शिक्के हीच त्या वस्तूची जन्मपत्रिका. फ्रेमवर वर्ष असतं. बाणासारखी खूण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर माल सरकारी नोकरीतून रीतसर विकला गेला. मुठीच्या मागच्या पट्टीवर कधीकधी पलटणीची अक्षरं कोरलेली असतात. तुमच्या आजोबांच्या बाबतीत तीच सापडली तर सोनं. म्हणून भिंगाखाली तिरपा उजेड टाकून मुठीची मागची बाजू आधी बघा. सिलिंडरवरचा आणि फ्रेमवरचा नंबर जुळतो का तेही बघा. जर्मन लुगर पिस्तुलाच्या बाबतीत तर हे वेड फार पुढे गेलंय. तिथे बारीकसारीक भागांवरही नंबराचे शेवटचे दोन आकडे असतात, आणि एकच भाग बदललेला असला किंवा मॅगझिन दुसऱ्याचं असलं तरी भाव घसरतो. मग काही महाभाग जुना आकडा घासून नवा ठोकतात. ते उघडकीला आलं की उरलेली किंमतही जाते.

लाकडी मुठींचं मला फारसं वाईट वाटत नाही. स्क्रू काढून त्या उतरवता येतात, फ्रेमला धक्का लागत नाही. मूळच्या काळ्या व्हल्कनाइटच्या (कडक रबराच्या) मुठी घरात कुठे पडल्या असतील तर शोधा. आजोबा लोक असल्या वस्तू फेकत नाहीत, बिस्किटाच्या डब्यात खिळ्यांबरोबर निघतात. सापडल्या तर दोन्ही जोड ठेवा. नवीन नकली मुठी आणून बसवण्यात काही हशील नाही. आणि कोणाच्या जुन्या हत्याराला हस्तिदंती मुठी असतील तर त्या विकायचा विचारही करू नका, तिथे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो.

वापरणाऱ्याने केलेल्या बदलाची गोष्ट तिसरीच. एरवी निकेल म्हणजे तोटा. पण तो निकेल कोणी केला हे कागदावर दाखवता आलं, तर तो एका माणसाच्या हत्याराचा भाग होतो. अमेरिकेच्या जनरल पॅटनच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या हस्तिदंती मुठींना कोणी ‘मूळच्या नाहीत’ म्हणून नाक मुरडत नाही. तुमचे आजोबा पॅटन नव्हते हे मान्य, पण वर्दीतला फोटो, नोकरीचे कागद, परवान्याचं जुनं पुस्तक हे सगळं एकत्र असेल तर निकेलचं वेब्लीही मान ताठ करून बसतं. नुसतं तोंडी ‘आजोबांचं आहे’ याला बाजारात शून्य किंमत आहे, कारण प्रत्येकाचे आजोबा महायुद्धात होते.

आता ठासणीचं पिस्तूल. माझं मन खरं तर याच्यावरच बसलंय. उभा सिंह ही ईस्ट इंडिया कंपनीची खूण. त्याआधीच्या लॉकवर हृदयाच्या आकाराचं बोधचिन्ह असायचं. ब्रिटिश सैन्य चकमकीवरून टोपीवर आलं ते साधारण 1840 च्या आसपास, आणि काही जुनी चकमकीची हत्यारं फेकून न देता टोपीची करून घेतली गेली. तुमचं मुळातच टोपीचं आहे की बदललेलं, हे लॉकच्या पाटीवर कळेल. रंजकाचा कान (ठिणगी पडायची ती दारूची छोटी वाटी) आणि त्याची स्प्रिंग जिथे असायची तिथली भोकं बुजवलेली दिसली तर बदललेलं. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी ते तसंच राहू द्या. त्या काळी झालेला बदल हा अस्सल इतिहास आहे. आज कारागिराकडून त्याला परत चकमकीचं करून घेतलंत तर हातात उरेल ती नवीन कान, नवीन घोडा आणि नवीन वेल्डिंग असलेली खिचडी. परतवलेलं पिस्तूल अस्सल चकमकीच्या भावाला कधीच जात नाही, आणि माझ्या मते प्रामाणिक टोपीच्या पिस्तुलापेक्षाही खाली धरावं.

लॉकवर साल असेल तर तेही वाचा. कंपनीचा कारभार 1858 मध्ये संपला, त्यानंतरचं साल आणि वर सिंह असेल तर शंका घ्या. चोरबाजारात पितळी जडावाची, सिंह मारलेली ‘कंपनीची’ पिस्तुलं ढिगाने मिळतात. खैबरकडच्या नकलांमध्ये तर इंग्रजी अक्षरंही उलटी सापडतात. तुमचं माळ्यावरचं आहे म्हणून आशा आहे. आणि एक गोष्ट जिवाची: असली हत्यारं भरलेलीच ठेवून विसरली जात. जुनी दारू मेलेली असेल असं गृहीत धरू नका. नळी कोणाकडे रोखून चाप ओढायचा खेळ घरात कोणी करू नये.

कायद्याचा मुद्दा इथे बऱ्याच जणांनी गुंतवून ठेवलाय. ‘1898 पर्यंतचं असेल तर लायसन लागत नाही’ हा अमेरिकेचा नियम आहे, ठाण्याचा नाही. ‘शंभर वर्षं झाली की मोकळं’ हे पुरावस्तू कायद्यातून उचललंय, शस्त्र कायद्यातून नाही. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 मध्ये जुनाट, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त, दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशा हत्यारांना सूट आहे. पण तुमचं त्यात बसतं की नाही हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नाही. माळ्यावरचं पिस्तूल अजून कोणत्याच परवान्यावर नाही, म्हणून ते हलवण्याआधी वकिलाशी बोला आणि पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेला लेखी कळवा. त्याच कायद्यात कलम 8 ने नंबर किंवा खुणा पुसायला बंदी आहे, कलम 6 ने विनापरवाना नळी आखूड करायला. दुरुस्तीचं कामही परवाना असलेल्याच माणसाने करायचं असतं. म्हणजे रविवारचा पॉलिशवाला किमतीच्या आधी तुम्हालाच अडचणीत आणेल.

भाच्याने लंडनच्या लिलावातले आकडे दिलेत, ते वाचून गंमत वाटली. शंभर वर्षांवरची पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. इथला गिऱ्हाईक म्हणजे योग्य परवाना असलेला मोजका माणूस किंवा परवानाधारक व्यापारी. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यामुळे गिऱ्हाइकं आणखी आटली. पौंडाचे रुपये करून स्वप्नं बघू नका.

तोवर सांभाळायचं कसं? मी ऐरोलीला खाडीच्या तोंडावर राहतो, पावसाळ्यात कपाटातलं लोखंड कसं घाम फोडतं ते ठाऊक आहे. पितांबरी देवघरातल्या समईसाठी उत्तम, पिस्तुलाच्या पितळी टोपणाला लावू नका. ब्रासो, लिंबू, चिंच, पॉलिश पेपर, काहीच नको. मऊ सुती कापडावर पातळ तेल घेऊन पुसा आणि हाताचे ठसे राहू देऊ नका. लाकडाला आणि धातूला मायक्रोक्रिस्टलाइन मेण चालतं. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या जून ते सप्टेंबर बदलत राहा.

चामड्याच्या होल्स्टरमध्ये मात्र वेब्ली ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि आतून गंज चढतो. होल्स्टर वेगळं, हवेशीर ठेवा आणि वेगळं विकूही नका. त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला शाईचा शिक्का, वर्ष किंवा आजोबांचं नाव आहे का बघा, आणि असेल तर त्याचा फोटो इथे टाका. हत्याराचे नंबर दिसणारे फोटो मात्र काढून टाका, मागच्या पानावर एक राहिलाय.