घरी प्रथमच जिवंत पाणवनस्पतींची मत्स्यपेटी करायची असल्यास एक फुटाची पेटी घ्यावी की दोन फुटांची, आणि कोणती साधने आवश्यक आहेत?

दोन फुटांचीच घ्यावी. लहान पेटी सांभाळायला सोपी, हा समज उलटा आहे. पाणी जितके कमी, तितके त्याचे तापमान आणि त्यातील अमोनियाचे (माशांच्या विष्ठेतून तयार होणाऱ्या विषारी द्रव्याचे) प्रमाण लवकर बदलते. २४ × १२ × १५ इंचांच्या पेटीत सुमारे ७० लिटर पाणी मावते, मात्र वाळू-दगडांसह तिचे वजन ८० किलोच्या वर जात असल्याने मेज भक्कम हवे. उंच पेटी दिसायला देखणी असली, तरी तळापर्यंत प्रकाश कमी पोहोचतो.

खर्चाचा मोठा वाटा प्रकाशावर करावा. वनस्पतींसाठी बनवलेला एलईडी दिवा टायमर लावून रोज ६ ते ८ तासच चालू ठेवावा, कारण जास्त प्रकाशाने झाडांपेक्षा शेवाळच आधी फोफावते. फिल्टर ताशी ३०० लिटरच्या आसपास पाणी फिरवणारा पुरे. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर सुरुवातीला नको. अनुबियास, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरीन या पाणवनस्पती त्याशिवाय वाढतात. (क्रिप्टोकोरीनच्या काही जाती आपल्या पश्चिम घाटातल्याच आहेत.) अनुबियासचे खोड मात्र वाळूत पुरू नये, कुजते, ते लाकडाला दोऱ्याने बांधावे. मुंबई-कोकणात हीटर सहसा लागत नाही, पुण्या-नाशिकच्या थंडीत ७५ वॅटचा ठेवावा.

आणि मासे लगेच आणू नयेत. फिल्टरमध्ये अमोनिया संपवणारे उपयुक्त जिवाणू रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात.