रोमन सोन्याच्या नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्याशिवाय काय असायचं?

थोडक्यात सांगायचं तर, सत्तेला त्या घडीला जे मिरवायचं असेल ते. जिंकलेला मुलूख, देवता, वारस, बांधकामं. ब्रिटन जिंकल्यावर क्लॉडियसने विजयकमानीचा छाप असलेली नाणी पाडली. रोममधली खरी कमान त्यानंतर काही वर्षांनी उभी राहिली, हे वेगळं!

पण मला विचाराल तर नीरोच्या सुरुवातीच्या नाण्यांइतकी मजा दुसऱ्या कशात नाही. इ.स. ५४ मध्ये तो गादीवर आला तेव्हा १६ वर्षांचा होता आणि कारभारात आईचा, अग्रिपिनाचा, चांगलाच हात होता. त्या वर्षीचा ऑरियस (हे रोमनांचं सोन्याचं नाणं, जेमतेम २ सेंटिमीटर व्यासाचं) बघा. मायलेक समोरासमोर, नाकासमोर नाक. भोवती जी अक्षरं फिरतात ती आईच्या बिरुदांची. सम्राटाचं नाव शोधायला नाणं उलटावं लागतं. तिथे ते ओकच्या पानांच्या चक्राभोवती कोरलंय. ५५ मधल्या नाण्यावर दोघं एकाच दिशेला बघतायत, नीरो पुढे आणि आई त्याच्या आड, चेहऱ्याची कडा तेवढी दिसते. नावांचीही अदलाबदल झालीय, मुलाचं दर्शनी बाजूला, आईचं मागे. त्यानंतर ती या नाण्यांवरून गायबच होते. ५९ मध्ये नीरोने तिचा खून करवला. दरबारात कोणाचं पारडं जड, हे टांकसाळीने असं वर्षागणिक नोंदवून ठेवलंय.

मिऱ्यांच्या व्यापारातून ऑरियस दक्षिण भारतातही आले. इथे मात्र त्या चित्रांशी कोणाला देणंघेणं नसावं. तमिळनाडूत पुदुक्कोट्टैजवळ १८९८ मध्ये ५०१ ऑरियसांचा साठा सापडला आणि त्यातल्या बहुतेकांवर सम्राटाच्या तोंडावरच छिन्नीचा घाव आहे. हा राग नव्हे. झिजलेलं नाणं पुन्हा नाणं म्हणून चालू नये, नुसतं सोनं म्हणून राहावं, यासाठी ते रद्द केलं असावं, असं अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं.

काही नाणी दागिन्यात गेली. आपल्या पुतळ्यांच्या माळेत पुढे व्हेनिसची नाणी आली, तसंच. भारतात सापडलेल्या काही ऑरियसांना सम्राटाच्या डोक्याच्या वर दोन भोकं आहेत, म्हणजे गळ्यात घातल्यावर चेहरा सरळ दिसतो.